विसराळू मुलाची व्यवस्था

मुलाचे चित्त एका जागी ठरत नाही. वही घरी राहते, पेन्सिल हरवते, हाती घेतलेले काम अर्ध्यावर पडते. अशा मुलास आपण धांदरट म्हणून मोकळे होतो. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच आपल्या व्याख्यानांतून अशा मुलांची लक्षणे वैद्यांपुढे मांडली होती. परंतु अशा मुलास हात कसा द्यावा, याचा धडा शोधावयास लंडनला जावयास नको. तो आपल्याच जिल्ह्यातील एका शिक्षकाने घालून दिला आहे.

पालगड येथे १८९९ मध्ये जन्मलेले साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे तेथील छात्रालयही त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्यांत पसारा असे. गुरुजी रागावत नसत. मुलांच्या मागे ते स्वतः केर काढीत, अंथरुणे नीट लावीत, कंदील पुसून ठेवीत. मुले ओशाळली आणि आपण होऊन हात लावू लागली. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही ते मुलांसाठी लिहीत.

ती सारी मुले अवधानाच्या अडचणीची होती, असे नव्हे. निष्काळजी मुलास ओशाळणे पुरते. ज्याचे लक्षच टिकत नाही, त्यास ते पुरत नाही. त्याला व्यवस्था डोळ्यांपुढे दिसावी लागते. कारखान्यात हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. जागा रिकामी दिसली की पाना परत आला नाही, हे कळते. तेथे कोणी कामगाराच्या स्मरणशक्तीवर विसंबत नाही. मग दहा वर्षांच्या पोराच्याच स्मरणशक्तीवर सारी भिस्त का? प्रत्येक विषयाच्या वहीस वेगळ्या रंगाचे वेष्टन, फळ्यावर लिहिलेले काम, एका वेळी एकच सूचना, रात्रीच भरलेले दप्तर, एवढ्याने पुष्कळ साधते.

२०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्यातील २१ प्रकारांत वाचन-लेखनाच्या अडचणीस स्थान मिळाले. अवधानाच्या अडचणीचे स्वतंत्र नाव त्यात नाही. म्हणून ही मुले बहुधा शिक्षकाच्या मर्जीवर राहतात. मर्जी ही व्यवस्था नव्हे. १९३० साली गुरुजी सत्याग्रहासाठी शाळा सोडून गेले. प्रत्येक शाळेस गुरुजी लाभत नाहीत. खात्यापित्या घरचा मुलगा शिकवणीच्या आधाराने तरतो. मजुराचा मुलगा ‘ढ’ ठरून कामाला लागतो. त्याची वही सापडावी, ही जबाबदारी शाळेच्या वेळापत्रकातच लिहिली गेली पाहिजे.