सुटलेले धावणे

आपल्या वर्गातल्या बहुतेकांचे धावणे दहावीबरोबर संपले. शाळेत शंभर मीटर होते, रिले होती, खो-खो आणि लंगडी होती. मुलींच्या वाट्याला बऱ्याचदा लिंबू-चमचाच येई. त्यानंतर आपण धावलो ते एसटी किंवा लोकल गाठायला. आता साठीच्या आसपास, रक्ततपासणीचा एखादा कागद हातात पडल्यावर, आपल्यातले काहीजण पहाटे बूट घालून आंबीच्या रस्त्यावर दिसू लागले आहेत. बघणारे विचारतात, "या वयात हे काय नवीन खूळ?" हे कितपत नवीन आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मावळात पूर्वी धावणे हे पोटासाठी होते. पेशवाईत सरकारी पत्रे घेऊन जासूद धावत. वाटेत एकाला काही झाले तरी पत्र पोहोचावे म्हणून अनेकदा त्यांची जोडी पाठवत. बोरघाटात गाडीरस्ता झाला १८३० साली आणि घाट चढणारी आगगाडी आली १८६३ साली. त्याआधी कोकण आणि देश यांच्यातला निरोप बहुतांशी माणसाच्या किंवा घोड्याच्या पायांवर अवलंबून होता. अशा कामाला तरणा गडी लागे. वय झाले की तो घरी बसे, आणि त्याने पुन्हा धावावे असे कोणाच्या मनातही येत नसे.

पण आपल्याच भागात वयाची अट नसलेले एक धावणे होते आणि आजही आहे. इंद्रायणीकाठच्या देहू आणि आळंदीहून निघणाऱ्या पालख्या पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात. वाटेत रिंगण होते, तेव्हा डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, पताकावाले, पखवाजवाले सगळे धावतात. वेळापूरजवळच्या उतारावर तर 'धावा' होतो. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्या उतारावर सत्तरीची आजीबाई पदर खोचून धावते. तिला कोणी वय विचारत नाही. म्हणजे म्हाताऱ्या माणसाने धावणे आपल्याला अपरिचित नव्हते. देवासाठी ते शोभत होते, स्वतःसाठी मात्र शोभत नव्हते.

खेळ म्हणून लांब पल्ल्याचे धावणे आपल्याकडे पुण्यातून पुढे गेले. डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या स्पर्धांत सर दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारे खेडूत पाहिले. यांना थोडी साथ मिळाली तर हे जगात कमी पडणार नाहीत, असे त्यांना वाटले. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले. अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पल्ला पुरा करून ते एकोणिसावे आले. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव आपल्याला भेटले नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिले. पण हाही खेळ तरुणांचाच होता.

वय वाढलेल्या माणसाला धावण्याची परवानगी मिळाली ती बरीच नंतर, आणि दुसऱ्याच टोकाच्या देशात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या रोग्याला डॉक्टर आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवत. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात १९६२ साली आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने मध्यमवयीन माणसांना सावकाश धावायला लावले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले लोकही त्यांत होते. धावताना शेजाऱ्याशी बोलता यावे इतकाच वेग ठेवायचा, हा त्यांचा नियम. त्याच वर्षाच्या अखेरीस बिल बॉवरमन हे अमेरिकन प्रशिक्षक तिथे गेले. पुढे 'नाइकी' कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झालेले हेच ते. पन्नाशी ओलांडलेले बॉवरमन एका सकाळी त्या मंडळींबरोबर धावू लागले आणि धापा टाकत मागे पडले. त्यांना सोबत म्हणून हळू धावणारा गृहस्थ सत्तरी ओलांडलेला होता आणि हृदयविकारातून उठलेला होता. बॉवरमन घरी परतले आणि १९६७ साली एका हृदयतज्ज्ञाबरोबर त्यांनी 'जॉगिंग' हे पुस्तक काढले. जगभरच्या बागांमधून आज जे वयस्क लोक धावताना दिसतात, त्यांची परंपरा तिथून सुरू होते.

आपल्याकडे पुणे मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि मुंबईची २००४ साली. मुंबईत ज्येष्ठ नागरिकांची वेगळी दौडही असते. त्याच सुमारास फौजा सिंग हे नाव गाजत होते. पंजाबातल्या शेतकरी कुटुंबातला हा माणूस मुलाच्या मृत्यूनंतर खचला आणि त्यातून सावरण्यासाठी धावू लागला. वयाच्या ८९ व्या वर्षी, २००० साली, त्यांनी लंडनची मॅरेथॉन पुरी केली आणि २०११ मध्ये, शंभरीत, टोरांटोची. जन्मदाखला नसल्यामुळे गिनेसच्या पुस्तकात त्यांची नोंद झाली नाही. आपल्याला ही अडचण लगेच कळेल. गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावलेले आपल्या वर्गात किती निघतील! कागदावरचे वय आणि गुडघ्यातले वय यांचा मेळ बसतोच असे नाही.

या सगळ्यांत आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण लताबाई भगवान करे यांचे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, बारामतीजवळ मजुरी करून राहणाऱ्या. पती आजारी पडले, तपासणीला पैसे हवे होते. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीला पाच हजारांचे बक्षीस आहे, असे त्यांच्या कानावर आले. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. असे सलग तीन वर्षे घडले. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. टाळ्या वाजवताना एक मात्र विसरू नये. लताबाई हौसेने धावल्या नव्हत्या. जन्मभर शेतात राबलेल्या पायांनी ऐनवेळी त्यांना साथ दिली.

इथे आपला प्रश्न येतो. आपल्या आईवडिलांना धावायची गरज नव्हती. गुडघाभर चिखलात भाताची लावणी, डोक्यावर भारा, तळेगावच्या बाजाराला पायी जाणे, यातच शरीर झिजायचे आणि घडायचेही. आंबी, मंगरूळ, नवलाख उंबरे या पट्ट्यात एमआयडीसी आली, जमिनी गेल्या, पैसा आला, मुले शिकली. पण त्याबरोबर अंगमेहनतही गेली. खाणे तेवढेच राहिले. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून 'भावपूर्ण श्रद्धांजली' येते, आणि कारण विचारले तर बऱ्याचदा हृदयाचेच असते. म्हणून पहाटेच्या रस्त्यावरचा तो बूटवाला वर्गमित्र खूळ करतो आहे असे मला वाटत नाही. गावाने जे कष्ट गमावले, ते तो आपल्यापुरते परत मिळवतो आहे.

मात्र लताबाईंसारखे एकदम धावायला जाऊ नये. त्यांची तयारी चाळीस-पन्नास वर्षांची होती. आपण एवढी वर्षे खुर्चीत बसलो. सुरुवात केल्यावर दम काही आठवड्यांतच सुधारतो, पण स्नायूंना हाडांशी जोडणारे बंध आणि खुद्द हाडे सावकाश तयार होतात. त्यांना काही महिने लागतात. नवशिक्याच्या पोटऱ्या आणि गुडघे दुखतात ते याच तफावतीमुळे. दम म्हणतो पळ, गुडघा म्हणतो थांब. अशा वेळी गुडघ्याचे ऐकावे. आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावे. दहा मिनिटे चालावे, मग एक मिनिट धावून दोन मिनिटे चालावे, असे पाच-सहा वेळा. एक दिवस आड करावे. बोलताना धाप लागली की वेग कमी करावा. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांनाही आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, आणि झपझप चालणे त्यात मोजले जाते. म्हणजे ज्याला धावणे जमणार नाही, त्याचेही काही अडत नाही.

शाळेत पहिले तीन सोडून बाकीच्यांना टाळ्या मिळत नसत, म्हणून आपल्यातल्या पुष्कळांनी 'मला पळता येत नाही' असे कायमचे ठरवून टाकले. या वयातल्या धावण्यात नंबर नसतो. वाट आपल्याच गावाची आहे, सोबतीला जुने वर्गमित्र आहेत आणि वेग बोलता येईल इतकाच ठेवायचा आहे. आपल्या गुरुजनांपैकी जे अजून रोज सकाळी चालतात, त्यांच्या मागून निघालो तरी सुरुवात चांगली होईल.