पात्याचे पाणी

तलवारीच्या धन्यांचा इतिहास आपल्याला पाठ आहे. पाते घडवणाऱ्यांचा नाही. १७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जॉर्ज पिअर्सनचा ‘वूट्झ’ या हिंदी पोलादावरील निबंध आला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत बनलेले म्हटले आहे. मुशी मात्र तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूत पेटत होत्या. मुंबईहून नमुना धाडणाऱ्या हेलेनस स्कॉटचे नाव उरले. भाता ओढणाऱ्यांचे नाही.

या पोलादात कार्बन शेकडा सुमारे १.५. पांढऱ्या आचेवर ठोकले की ते फुटे. लाल आचेवर सबुरीने घडवावे लागे. साध्या सुरीलाही आचेचे हेच भान लागते. लाल पाते पाण्यात विझवले की कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळ. मग ते पुन्हा हलके तापवायचे: पिवळसर रंगावर थांबले तर धार टिकते, निळ्यावर थांबले तर लवचिकपणा येतो. वाकवलेले पाते सरळ होईल, वाकडेच राहील की मोडेल, हे तिथे ठरते.

रंग ओळखणारा हा डोळा म्हणजे विद्याच. आमच्या शाळेने तिला कधी विद्या म्हटले नाही. म्हणून माझा सवाल आहे: चांभाराची रापी, लोहाराचा ऐरण यांना वगळून लिहिलेला इतिहास कोणाचा?