बाबांचा आवाज आणि एक काटापट्टी

आपल्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जुलै १९४६ अशी आहे. ही तारीख खोटी आहे हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. आपल्यापैकी निम्म्यांच्या आईवडिलांचे जन्म १ जूनला नाहीतर १ जुलैला झालेले आहेत, आणि त्यामागे गुरुजींची लेखणी आहे, हे सर-बाईंना मी काय सांगावं! खरी तारीख कोणती, हा प्रश्न मात्र बाबांच्या हयातीत कुणी फारसा विचारला नव्हता. तो सुटला तो एका ध्वनिमुद्रणामुळे.

२०२० च्या टाळेबंदीत कंपनीनं घरून काम करायला सांगितलं, आणि मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून खामगावला आले ती जवळजवळ आठ महिने राहिले. संध्याकाळी चहा झाला की मोबाइल पाटावर पालथा ठेवायचा आणि बाबांना बोलतं करायचं, असा परिपाठ पडला. सदतीस फायली आणि सुमारे अकरा तासांचं बोलणं जमलं. २०२२ मध्ये बाबा गेले. आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलेलं आहे. कापसाच्या बाजारात मापारी होते, गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसून मोठ्यानं हसायचे, ते.

तर जन्मतारीख. तिसऱ्या फाईलमध्ये बाबा सांगतात: "माही माय सांगे, रझाकाराची धामधूम चालू होती. तिकडची माणसं बंड्या भरून आपल्या गावात येऊन राह्यली होती. मंग फौज आली, पाच दिवसांत सारं शांत झालं, अन् ते लोक परत गेले तवा मी सवा महिन्याचा होतो." आमचं मूळ गाव घाटावरचं, देऊळगाव राजाच्या बाजूचं. त्या काळी पलीकडचा जालना भाग निजामाच्या राज्यात आणि आपण वऱ्हाडात, त्यामुळे ही सरहद्दच होती. हैदराबादची पोलीस कारवाई झाली १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ला. त्यातून सवा महिना वजा केला तर बाबांचा जन्म १९४८ च्या ऑगस्टमधला निघतो. रजिस्टरपेक्षा दोन वर्षांनी लहान. मोठ्या भावाला शाळेत घालताना ह्यांनीही रडून गोंधळ घातला, म्हणून गुरुजींनी दोघांना एकाच दिवशी दाखल करून घेतलं आणि वयाचा हिशोब जुळवून टाकला. दोघं भाऊ एकाच पाटीवर शिकले. हा मोठा भाऊ पुढे पुन्हा येणार आहे.

ऑगस्ट १९४८ धरलं तर बाबा जन्मले मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. १९५० मध्ये त्याचं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. बारा वर्षांच्या आत एका मुलानं घर न सोडता चार राज्यं पाहिली. मला वाटलं, याबद्दल त्यांना पुष्कळ आठवत असेल. ते म्हणाले, "मुंबई राज्यात गेलो म्हणे. मी त शाळेत गेलो होतो."

त्यांना आठवत होते ते नवे पैसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे, पण एका आण्याचे सहाच. म्हणजे एकेक आणा करून चार वेळा मोड घेतली तर चोवीसच हातात येतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलानं हे दुकानदाराला धरून विचारलं, दुकानदारानं हाकलून दिलं, आणि तो एक पैसा बाबांना त्रेसष्ट वर्षांनंतरही सलत होता. पाठ्यपुस्तकात राज्यपुनर्रचनेचा धडा असतो, या एका पैशाचा नसतो. मला दोन्ही हवेत.

खामगावच्या बाजाराचा इतिहास तसा लिहिलेला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला भाव आला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः येऊन जलंब-खामगाव ही जेमतेम तेरा किलोमीटरची रेल्वे सुरू करून गेला. ती माणसांसाठी नव्हती, गाठींसाठी होती. १९१० च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये आणि त्यानंतरच्या पुस्तकांत अशा लिखाणात असतात गाठी, भाव, जिनिंग, शेठजी, साहेब. काटा धरणारा माणूस त्यात सहसा सापडत नाही.

बाबांच्या सदतीसपैकी नऊ फायली नुसत्या काट्यावर आहेत. नववीत शाळा सुटली, आधी जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलली, मग मापाऱ्याचा परवाना मिळाला. खरेदीदार बोंडातला मूठभर कापूस घेऊन चिमटीत ओढून धागा किती लांब ते पाहायचा, हर्रास व्हायचा, आणि बंडी काट्यावर यायची. शेतकऱ्याला वाटायचं मापारी शेठचा माणूस, शेठला वाटायचं हा शेतकऱ्याचा. "दोघाईले माह्यावर भरवसा नसे, म्हणून त माही रोजी चाले," असं बाबा म्हणतात आणि खूप वेळ हसतात. ओल्या कापसाचं वजन हाताला कसं वेगळं लागतं, हे ते वीस मिनिटं सांगतात. अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहाटे भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत ऐकायला शेतकऱ्यांच्या बरोबरीनं व्यापारीही कान टवकारून असत, हेही त्यातच येतं. स्वतः बाबांचा त्यावर विश्वास होता का? तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

१९७२ साल या मुद्रणांत सारखं येतं. त्या वर्षी पाऊस बुडाला आणि त्याच वर्षी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस फक्त सरकारला विकायचा, हर्रास बंद. बाजारच थंड, म्हणून बाबा दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला गेले. परदेशातून आलेली तांबडी मिलो, कामावर वाटली जाणारी सुकडी, हे आपल्या सगळ्यांच्याच आजी-आजोबांनी सांगितलेलं आहे. मजुरी एका फाईलमध्ये ते दीड रुपया सांगतात, दुसरीत तीन. मी दोन्ही तसंच ठेवलंय. कदाचित दोन वेगवेगळ्या कामांची असेल, कदाचित एक त्यांची आणि एक भावाबरोबर मिळून.

नंतर एका खरेदी केंद्रावर त्यांना हंगामी तोलाईचं काम मिळालं. चौऱ्याहत्तर की पंचाहत्तरचा हंगाम, त्यांना नक्की आठवत नव्हतं. केंद्रावर बंड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत जायची. या रांगेत एकदा माझे मोठे काका आले, घाटावरून कापूस घेऊन. दोन रात्री बंडीखाली झोपले. बाबा आत काट्यावर. ओळखीच्यांच्या बंड्या पुढे घ्यायच्या नाहीत असा बाबांचा स्वतःचा नियम होता. एकोणतिसाव्या फाईलमध्ये ते म्हणतात, "मी त्याले वळखलंच नाई, असं केलं."

त्यानंतर चार मिनिटं कुणी बोलत नाही. पंखा ऐकू येतो, बाहेर कुणीतरी बादली ठेवतं. मग बाबा म्हणतात, "हे बंद कर, माय." मी बंद केलं. पुढचं त्यांनी मला सांगितलं, पण ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की दोघं भाऊ त्यानंतर अकरा वर्षं बोलले नाहीत, आजी गेली तेव्हा बोलले, आणि या अबोल्याचं कारण ती रांग आहे असं बाबा शेवटपर्यंत धरून चालले.

बाबांच्या वर्षश्राद्धाला गावाकडचा चुलतभाऊ आला होता. त्याला मी ही फाईल ऐकवली. तो शांतपणे ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "ताई, दोन रात्री नाही, एकच. आणि काका रात्री रांगेत आले होते. भाकर, ठेचा, कांदा घेऊन. आमच्या बाबांनी कितीदा सांगितलंय." थोरल्या भावानं भाकर घेतली आणि "काटा सरळ ठेवजो" एवढंच म्हटलं. रागाचं कारण रांग नव्हतीच. योजनेत पैसे हप्त्याहप्त्यानं मिळत. त्या वर्षी पुढचा चुकारा लांबला, घरात लग्न ठरलेलं, सावकाराकडून उचल करावी लागली, आणि धाकटा भाऊ केंद्रात बसूनही चुकारा कधी निघेल ते सांगू शकला नाही, की सांगायला आला नाही. काकांचा राग त्याचा होता. रांगेबद्दल तर ते चार माणसांत कौतुकानं बोलत, असं चुलतभाऊ सांगतो.

म्हणजे बाबांनी पंचेचाळीस वर्षं ज्याचं ओझं वाहिलं, ते भावाच्या मनात नव्हतं. आणि स्वतः नेलेली भाकर त्यांना आठवतच नव्हती. आता दोघंही नाहीत. चुलतभावाचं बोलणंही मी मुद्रित केलं आणि एकोणतिसाव्या फाईलशेजारी अडतिसावी म्हणून ठेवलं. दोन्हींपैकी खरी कोणती, हे मी ठरवत बसलेले नाही. योजनेवर पुष्कळ अहवाल निघाले, शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की रातोरात कापूस सीमेपलीकडे कसा जाई यावरही बोललं गेलं, आणि तीस वर्षांनी, २००२ मध्ये, एकाधिकार संपला. लांबलेल्या चुकाऱ्यानं एका घरात काय केलं ते मला या दोन फायलींतून कळलं.

थोडं माझ्या धंद्यातलं. बोलणं ऐकून आपोआप लिहून देणारी सॉफ्टवेअरं आता मराठीही लिहितात, पण वऱ्हाडी आली की अडखळतात. बाबांचं "वावर" दर वेळी "वापर" झालं, "पऱ्हाटी"चं काय झालं ते न सांगितलेलं बरं. शिवाय ती शांतता कापून टाकतात. ती चार मिनिटं मी परत जोडली. अकरा तास शेवटी हातानंच लिहून काढले, रोज रात्री थोडे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्या चिकाटीपुढे माझं काम ते केवढं. पण त्यांच्याकडून एक घेतलं: बाईनं जशी म्हटली तशीच लिहायची, शुद्ध करायची नाही. म्हणून बाबांचं "मले" मी "मला" केलेलं नाही.

ज्यांच्या घरी अजून कुणी सांगणारं आहे त्यांच्यासाठी, अनुभवावरून: "तुमचं बालपण कसं होतं?" असं विचारलं की "चांगलं होतं" यापुढे गाडी जात नाही. विहिरीचं पाणी कसं लागायचं ते विचारा. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या मित्रांना यावर तासभर ऐकायला मिळेल. पहिली वेचणी, सीतादही, पहिला पगार कशात बांधून आणला, हे विचारा. आणि एकच गोष्ट भावंडांना वेगवेगळं बसवून विचारा.

एक विनंती मात्र माझ्यासाठी. बाबांच्या हातची एकही काटापट्टी आमच्या घरी नाही, ती शेतकऱ्याकडे जाई. १९७२ ते १९८० च्या दरम्यानची एखादी जुनी काटापट्टी कुणाच्या घरी, पोथीत नाहीतर ट्रंकेत सापडली, तर दोन्ही बाजूंचा फोटो आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाका. तोलणाऱ्याची सही खाली उजवीकडे असते. बाबांच्या सहीत शेवटच्या अक्षराला लांब शेपूट आहे, मी ओळखेन.