भाता आणि भट्टी

धाप लागलेल्या माणसाच्या छातीचा भाता झाला, असें मराठींत म्हणतात. भाता हा शब्द संस्कृत ‘भस्त्रा’पासून आला आणि योगशास्त्रांतील भस्त्रिका प्राणायामाचें नांवहि त्याच मूळचें. लोहाराची भट्टी श्वास घेते, ही समजूत अशी फार जुनी आहे. आणि ती नुसती कविकल्पना नसून भट्टीच्या विद्येचें मर्म आहे. भट्टीनें आजवर तीन इंधनें पाहिलीं : प्रथम लांकडी कोळसा, मग दगडी कोळसा, आणि आतां गॅस. परंतु लोखंड नीट तापतें कीं तापून नासतें, याचा निकाल तिन्ही वेळां वाऱ्यानेंच लावला. तो वारा कोणी घालावयाचा, हाच या धंद्याच्या इतिहासांतील खरा प्रश्न होय.

नागपूरच्या पूर्वभागांतील इतवारी ही रविवारच्या बाजारावरून नांव पडलेली पेठ. एकेका मालाच्या रस्त्याला ओळ म्हणण्याची येथील चाल आहे : सराफा ओळ, किराणा ओळ, आणि लोखंडाची ती लोहा ओळ. सळया, पट्ट्या व पत्रे यांनीं भरलेलीं दुकानें पाहून एखाद्याला वाटावें कीं, लोखंड हें सदैव असें दुरून, तयार होऊनच येत असावें. वस्तुस्थिति निराळी आहे. या शहराच्या पंचक्रोशींत लोखंड गाळण्याची विद्या सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं पूर्ण वाढीस लागलेली होती.

नागपूरजवळ जुनापाणी व माहुरझरी येथें शिळावर्तुळें आहेत. त्यांतील दफनांतून लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्यांच्या तोंडांतील कड्या निघाल्या. हें लोखंड आणलें कोठून, या प्रश्नाचें उत्तर उत्तरेस पेंच नदीच्या कांठीं नायकुंड येथें मिळालें. १९७८ ते १९८० या काळांत शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां लोखंड गाळण्याची एक लहानशी भट्टीच उजेडांत आली. तिचा काळ इसवी सनापूर्वीं सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. भट्टीजवळ लोहकिट्ट होतें आणि वारा आंत नेणाऱ्या मातीच्या नळ्याहि होत्या. भात्याचें कातडें केव्हांच मातीस मिळालें. त्याच्या श्वासाची वाट मात्र मातीच्या नळीच्या रूपानें शिल्लक राहिली. वाऱ्यावांचून ही विद्या नव्हतीच, याचा इतका बोलका पुरावा दुसरा कोणता असणार?

ही विद्या मध्यप्रांताच्या रानांत विसाव्या शतकापर्यंत जिवंत होती. मंडला व बालाघाटकडील अगरिया लोकांवर व्हेरियर एल्विन यांनीं १९४२ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर या अगरियांच्या दैवतांची हकीकत आहे; म्हणजे लोखंड, कोळसा आणि अग्नि या तिघांनाहि त्यांनीं दैवत मानलें होतें. त्यांचा भाता पायांनीं तुडवावयाचा असे. कातड्यानें मढविलेल्या दोन भांड्यांवर आळीपाळीनें पाय द्यावयाचा, आणि वर बांधलेल्या लवचिक बांबूनें कातडें पुन्हां उचलून धरावयाचें, अशी ती युक्ति. हें तुडविण्याचें काम पुष्कळदां घरांतील स्त्रीकडे असे. भट्टीला चौथें दैवत हवें होतें तें वाऱ्याचें. परंतु त्या जागीं दैवत नव्हतें, घरची बाई होती.

गांवच्या लोहाराचीहि गोष्ट याहून फार वेगळी नव्हती. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथांत लोहाराबरोबरच खाती, घिसाडी आणि पांचाळ हीं नांवें येतात. गांवांत नांगराचा फाळ, वखराची पास, विळा, कुऱ्हाड आणि चाकाची धाव हीं याचीं कामें. आणि सुगीच्या वेळीं खळ्यावरचें धान्य ही त्याची मजुरी. लोहार ऐरणीपाशीं असे, म्हणून गांवानें त्याचें नांव घेतलें. भात्याची दोरी ओढणारी बायको किंवा दहा वर्षांचा मुलगा यांची खळ्यावर निराळी मोजदाद नसे. घिसाड्यांच्या पालापुढें तर स्त्री भाता ओढतांना आणि घणहि घालतांना दिसे. त्यांच्या वाट्याला श्रम होते हें खरें. पण मुलाच्या वाट्याला त्यांतूनच एक शाळाहि येत होती. भात्याशीं बसलेला मुलगा वर्षानुवर्षें जाळ पाहत राही. काळसर तांबडा, रसरशीत लाल, नारिंगी, पिवळा आणि शेवटीं डोळे दिपविणारा पांढरा, या रंगांचीच त्याला बाराखडी होती.

या व्यवस्थेला पहिला धक्का रेल्वेनें दिला. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास पोंचली आणि तिच्याबरोबर परदेशी लोखंडाच्या पट्ट्याहि आल्या. इकडे १८७८ च्या जंगल-कायद्यानें राखीव रानांत कोळसा पाडणें दुर्घट झालें. रानांतील गाळणाऱ्यांच्या भट्ट्या मंदावल्या. आणि गांवचा लोहार गाळीव लोखंड सोडून बाजारी पट्टीवर काम करूं लागला.

याच नागपुरांत एक निराळें स्वप्नहि रुजत होतें. १८७७ सालीं येथें एम्प्रेस मिल काढणारे जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत १८८२ सालीं रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथें उत्तम खनिज आहे, असें त्यांत होतें. जवळच वरोऱ्याची कोळशाची खाण होती. परंतु तो कोळसा लोखंड गाळण्याच्या कामीं उतरला नाहीं. पुढें १९०३ च्या सुमारास त्यांचे पुत्र दोराबजी नागपूरच्या सचिवालयांत कामाकरितां आले असतां समोरच्या अजबबंगल्यांत शिरले; तेथें भिंतीवरील भूस्तरांच्या नकाशांत दुर्ग जिल्ह्याचा भाग लोखंडाच्या खुणेनें गडद रंगविलेला त्यांना दिसला. त्या धाग्यानें धल्ली-राजहऱ्याच्या टेकड्यांचा शोध लागला. टाटांचा कारखाना पुढें साकचीस निघाला, आणि या टेकड्यांचें खनिज कांहीं दशकांनंतर भिलाईच्या पोलाद-कारखान्याच्या कामीं आलें. चांद्याचें खनिज उत्तम असूनहि कोळशापायीं बेत अडला, ही गोष्ट भट्टीवाल्यानें विसरूं नये. चांगलें लोखंड आणि चांगला जाळ हीं दोन निरनिराळीं भाग्यें आहेत.

लोहाराच्या भट्टींतहि दगडी कोळसा शिरला तो असेच गुणदोष घेऊन. त्याची आंच तीव्र आणि टिकाऊ. पण त्यांतील गंधक लोखंडास बाधतें, आणि नीट जळून कोक होण्यापूर्वीं धूर फार होतो. त्याला वाराहि जोराचा लागतो. म्हणून कातडी भात्याच्या जागीं हातानें फिरवावयाचा लोखंडी पंखा आला, आणि त्यामागून विजेचा. हा बदल दिसावयास लहान, पण घरापुरती ती क्रांतीच होती; कारण विजेच्या पंख्यानें भात्याची दोरी स्त्रीच्या आणि मुलाच्या हातांतून प्रथमच सोडविली.

तिसरें इंधन म्हणजे गॅस. १९६५ सालीं इंडियन ऑइलनें ‘इंडेन’ या नांवानें स्वयंपाकाचा गॅस घरोघर देण्यास आरंभ केला. शहरांतील चुलीचा धूर या गॅसनें घालविला, तसाच तो भट्टीचाहि घालवूं शकतो. घरच्या मागील अंगणांत छंद म्हणून सुऱ्या, कोयते किंवा बागेचीं अवजारें घडविणारे लोक आज जगभर गॅसची भट्टी वापरतात. बाहेरून पाहतां ती एक आडवें नळकांडें आहे, आंतून उष्णता धरून ठेवणारें अस्तर लावलेलें. परंतु ती निवडतांना पुष्कळ जण नळकांड्याचा आकार पाहतात आणि वारा पाहावयाचें विसरतात.

प्रोपेनचा एक भाग पुरता जळावयास सुमारें २४ भाग हवा लागते, आणि ब्युटेनच्या एका भागास सुमारें ३१. ही हवा देण्याच्या दोन रीति आहेत. एकींत बारीक छिद्रांतून जोरानें सुटणारा गॅस स्वतःच आजूबाजूची हवा आंत ओढून घेतो. तेथें वीज नको, पंखा नको. दुसरींत पंख्यानें हवा दिली जाते. ती हवी तशी कमीअधिक करतां येते, पण वीज गेली कीं काम थांबतें आणि गॅस तत्काळ बंद करावा लागतो. पहिली रीति सोपी, दुसरी आज्ञाधारक. कशीहि भट्टी घेतली तरी पोकळी कामापुरतीच असावी. हातभर सुरीसाठीं पेटीएवढी भट्टी घेणारा लोखंड कमी तापवितो आणि रिकामी जागाच अधिक.

घेतलेली भट्टी सुधारतां येते, आणि ती सुधारणें हाच कारागिरीचा आरंभ समजावा. सिरॅमिक लोकरीचें अस्तर लौकर तापतें. परंतु तिचे तंतु श्वासांत जाणें अपायकारक असल्यामुळें तिच्यावर अग्निरोधक मातीचा लेप अवश्य द्यावा. लोखंडाचे दोन तुकडे एकजीव करतांना टाकणखार वापरतात. तो वितळून लोकरीला खाऊन टाकतो, म्हणून तळाशीं भट्टीची पक्की वीट बसवावी. मागील व पुढील तोंड विटांनीं कामापुरतें अरुंद केलें तर तेवढ्याच गॅसमध्यें आंच वाढते. ज्योतीचा झोत थेट लोखंडावर न घेतां भिंतीस घासून फिरविला, तर उष्णता सर्वत्र सारखी पसरते. मग तोंडाकडे पाहावें. बाहेर लांब ज्वाळा लोळत असतील तर वारा कमी आहे. लोखंडावर जाड पोपडे सुटत असतील तर वारा अधिक आहे. भात्याशीं बसलेला मुलगा हेंच पाहत असे.

कांहीं पथ्यें मात्र सोडूं नयेत. वारा कमी पडला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं कीं वास नाहीं. शिवाय हा गॅस हवेहून जड असल्यामुळें गळला तर जमिनीशीं सांचतो. इतवारीसारख्या दाटीच्या वस्तींत बंद खोली किंवा तळघर ही भट्टीची जागा नव्हे. ती उघड्यावरच हवी. चुलीचा रेग्युलेटर अवघ्या तीसेक मिलिबारांचा दाब देतो, तो या कामास पुरत नाहीं. त्यासाठीं त्याच कामाचा रेग्युलेटर व नळी घ्यावी आणि प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्यानें तपासावा. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला लावणें कायद्यानें निषिद्ध आहे. व्यापारी टाकी १९ किलोची मिळते. फार वेळ गॅस ओढला कीं टाकी गार पडून दाब उतरतो. प्रोपेन शून्याखालीं ४२ अंशांवर उकळतो, ब्युटेन जवळजवळ शून्यावर. आपल्याकडील गॅसांत दोन्ही मिसळलेले असल्यामुळें नागपूरच्या पौषांतील पहांटे हा अनुभव विशेष येतो. अशा वेळीं मोठी टाकी घ्यावी किंवा काम थांबवावें. टाकीला आंच दाखवूं नये.

भाता गेला, हें चांगलें झालें. ज्या स्त्रीचे हात त्यानें झिजविले आणि ज्या मुलाची शाळा त्यानें बुडविली, त्यांच्यासाठीं कोणीहि भात्याचा शोक करूं नये. परंतु त्याबरोबर जाळ पाहण्याची ती दुसरी शाळाहि बंद पडली, आणि तिची जागा कोणत्याहि यंत्रानें भरून काढलेली नाहीं. चुंबक सोडणारें लोखंड सुमारें ७७० अंशांवर आलें आहे, एवढें पुस्तक सांगेल. पण त्या क्षणाचा लाल रंग ओळखावयाचा तो डोळ्यांनींच. घरीं नवी भट्टी आणणाऱ्या गृहस्थानें म्हणून पहिल्या दिवशीं हातोडा उचलूं नये. एक जुनी सळई आंत ठेवावी, घरच्या मुलांना आणि मुलींना सुरक्षित अंतरावर बसवावें, आणि वाऱ्याची झडप हळूंहळूं फिरवीत त्यांना विचारावें : आतां जाळ काय म्हणतो?