मांजराचे डोळे आणि दिव्यांची रांग

१/ काळोखात मांजराचे डोळे चमकतात. या साध्या दृश्याने प्राचीन विद्वानांना मोठा चकवा दिला. डोळ्यातून किरण निघतात, ते वस्तूला भिडतात आणि म्हणून ती दिसते, हा समज शतकानुशतके प्रतिष्ठित होता.

२/ हा समज अडाण्यांचा नव्हता. इ. स. पू. ३००च्या सुमारास युक्लिडने दृष्टिकिरणांची भूमिती मांडली. पुढे टॉलेमीने ती विस्तारली. भारतात नैयायिकांचे मतही असेच होते. न्यायसूत्रांत तर निशाचर प्राण्यांच्या नेत्रकिरणांचा दाखला पुरावा म्हणून येतो. बौद्ध तार्किकांना मात्र हे मत अमान्य होते.

३/ मग अंधारात वस्तू का दिसत नाही? बाह्य प्रकाशाचे साहाय्य लागते, असे उत्तर दिले जाई. पण साहाय्यक मानलेला प्रकाशच खरा कर्ता असेल तर?

४/ इ. स. ९६५च्या सुमारास बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैथमने कैरोत राहून ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ रचला. सूर्याकडे पाहताच डोळे दुखतात. अर्थात बाहेरून काहीतरी डोळ्यात शिरते, हे त्याचे पहिले निरीक्षण.

५/ त्याने अंधाऱ्या खोलीच्या छिद्राबाहेर दिव्यांची रांग मांडली. आत जितके दिवे तितके कवडसे पडले. एक दिवा झाकला की नेमका त्याच्या समोरचा कवडसा नाहीसा होई. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एकाच छिद्रातून जाऊनही एकमेकांत मिसळत नाही, हे सिद्ध झाले.

६/ दिवा स्वतःच्या प्रकाशाने दिसतो; भिंत, फळ, चेहरा उसन्या प्रकाशाने. आरसा तो ठरावीक दिशेनेच परतवतो, खडबडीत भिंत सर्व दिशांना विखुरते. म्हणूनच भिंत खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यातून दिसते.

७/ ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ मध्ये बाझेल येथे छापला गेला. डोळ्याच्या आत नेमके काय घडते, हे कोडे मात्र त्यालाही पूर्ण सुटले नव्हते. १६०४ मध्ये केप्लरने दाखवले, की दृष्टिपटलावर वस्तूची उलटी प्रतिमा उमटते.

८/ आणि मांजर? त्याच्या दृष्टिपटलामागे एक चकचकीत थर असतो. बाहेरून आलेला प्रकाश तो परत फेकतो. संपूर्ण अंधारात ते डोळे चमकत नाहीत. नेत्रकिरणांचा पुरावा म्हणून ज्याकडे बोट दाखवले गेले, तो परावर्तित प्रकाशच होता.