कुंपण आणि किल्ली

महाबळेश्वरच्या पठारालगत, पाचगणीत, निवासी शाळांची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे. अशा शाळेतल्या मुलाला सत्रभर घरचा संगणक नसतो. शाळेच्या जाळ्यावर जे अडवले, ते त्याच्यापुरते जगातूनच अडवले जाते. म्हणून हे निर्बंध चुकवणारा विद्यार्थी आम्हांला केवळ शिस्तीचा प्रश्न वाटत नाही. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात दोन निरनिराळ्या वाटा आहेत.

पहिली वाट संगणकावरील परवलीच्या शब्दाइतकीच जुनी. अमेरिकेत एमआयटीमध्ये अनेकांनी एकच यंत्र वाटून वापरण्याची सीटीएसएस ही प्रणाली होती. प्रत्येकाला परवलीचा शब्द आणि ठरावीक वेळ मिळे. १९६२ साली अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात. त्याने छिद्रित कार्डावरून मागणी नोंदवून परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले.

दुसरी वाट आपल्याकडे संगणकाआधीच रुळली होती. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. श्रोत्यांनी कोणतेही कुलूप फोडले नाही. रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. शाळेतला 'प्रॉक्सी' हेच करतो. मुलगा बंद संकेतस्थळाकडे थेट जात नाही. बंदी नसलेल्या तिसऱ्या यंत्राला तो सांगतो आणि ते यंत्र पान आणून देते. नावांची यादी घेऊन बसलेल्या पहारेकऱ्याला त्या तिसऱ्याचेच नाव दिसते. मात्र तो तिसरा अनोळखी असतो आणि मुलाने टाइप केलेला परवलीचा शब्द तो वाचू शकतो, हा धोका सिलोनच्या श्रोत्याला नव्हता.

मार्च २००७ मध्ये पवईच्या आयआयटीने वसतिगृहांतील इंटरनेट रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद केले. मुले वेळेवर झोपावीत, खोलीबाहेर पडून एकमेकांत मिसळावीत, हा हेतू होता. निर्णय विद्यार्थ्यांना रुचला नाही. परंतु बंदी उघड होती, तिचे कारण सांगितलेले होते, त्यावर वाद घालता येत होता. शाळेच्या यादीत काय आहे, हे मात्र मुलाला बहुधा अडखळल्यावरच कळते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० विनापरवानगी प्रवेशाची दखल घेतो. तो अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ तीन वर्षांपर्यंतचा कारावास सांगते. म्हणजे हेतू पाहावा, हे कायद्यालाही मान्य आहे. दुसऱ्याची किल्ली चोरणे आणि कुंपणाला वळसा घालणे यांतला फरक शाळेनेही करावा. पहिल्यात एका माणसाचे नुकसान आहे. दुसऱ्यात बहुतेक वेळा एक न विचारला गेलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर अधिक उंच कुंपण घालून मिळणार नाही, असे आम्हांला वाटते. यादी भिंतीवर लावावी, प्रत्येक नावापुढे कारण लिहावे आणि ते खोडून दाखवण्याची मुभा मुलांना द्यावी.