दोन शाळांच्या मधले मूल

मुंबईचे तत्कालीन व्हिकर अपोस्टोलिक, जेझुईट बिशप लिओ म्यूरिन यांनी १८८५ च्या सुमारास या शहरात मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली. हिंदुस्थानातील अशा प्रकारची ती पहिली शाळा मानली जाते. पुढे १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईतच अंध मुलांना शिकविण्यास प्रारंभ केला. दादरची अंधशाळा ही त्याच रोपट्याचा वृक्ष होय. एक दार कॅथलिकांनी उघडले, दुसरे प्रॉटेस्टंटांनी. या दोन्ही गोष्टींविषयी आम्हां ख्रिस्ती मंडळींना अभिमान वाटत आला आहे, आणि तो अनाठायी नाही. परंतु ज्या मुलाला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याला घेऊन त्याच्या आईबापांनी यांपैकी कोणत्या दाराशी जावे, याचे उत्तर मुंबईत त्यानंतर कितीतरी दशके मिळणार नव्हते.

यात कोणाच्या अंतःकरणाचा कठोरपणा होता असे नाही. मूकबधिरांच्या शाळेतील सारे शिक्षण डोळ्यांच्या वाटेने चालते. ओठांच्या हालचाली, हातांच्या खुणा, फळ्यावरील चित्रे ही तेथील साधने. अंधशाळेतील शिक्षण कानांच्या वाटेने चालते. ब्रेलचे ठिपके बोटांनी वाचावयाचे असले तरी ते समजावून द्यावे लागतात शब्दांनीच. तेव्हा पहिली शाळा म्हणे, 'हे मूल आंधळे आहे, आमचे नव्हे'. दुसरी म्हणे, 'हे बहिरे आहे, आमचे नव्हे.' दोन्ही उत्तरे प्रामाणिक असत, आणि दोन्ही मिळून त्या मुलाला घरी किंवा वेड्यांच्या इस्पितळात पाठवीत.

हा पेच प्रथम जेथे सुटला त्या मोजक्या ठिकाणांपैकी एक ठिकाण आमच्या वाचकांना फारसे परिचित नसावे. अमेरिकेतील हेलन केलर आणि त्यांच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन यांची कथा आपण शाळेच्या पुस्तकांतून वाचली आहे. त्यांच्याही पूर्वी, १८३७ साली, बोस्टनच्या पर्किन्स शाळेत डॉ. सॅम्युअल हाऊ यांनी लॉरा ब्रिजमन या मुलीला शिकविण्यास आरंभ केला होता, हेही काहींना ठाऊक असेल. फ्रान्समधील प्वातिये नगराजवळच्या लार्ने येथील धर्मभगिनींचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच ऐकू येते.

प्वातियेशी या कार्याचे नाते जुने आहे. पवित्र मरियेचे थोर भक्त म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते संत लुई द माँफोर अठराव्या शतकाच्या आरंभी तेथील दरिद्रालयात सेवा करीत होते. त्या दरिद्रालयातील आंधळ्या, पांगळ्या, व्याधिग्रस्त अशा काही स्त्रियांचा त्यांनी एक लहानसा संघ बांधला, आणि त्याची प्रमुख म्हणून एका अंध स्त्रीला नेमले. ज्या खोलीत त्या जमत तिला त्यांनी 'ज्ञान' असे नाव दिले. २ फेब्रुवारी १७०३ रोजी मारी लुईझ त्रिशे या तरुणीने त्यांच्या हातून व्रतवस्त्र स्वीकारले आणि त्यातून 'ज्ञानकन्या' हा धर्मभगिनींचा संघ उदयास आला. अंध स्त्रीच्या अधिकाराखाली ज्या संघाचे बीज रुजले, त्याच संघाकडे पुढे लार्नेची शाळा यावी, हा योगायोग आम्हांस लक्षणीय वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लार्ने येथील एका धर्मगुरूंनी दिलेल्या वडिलोपार्जित जागेत ही शाळा उभी राहिली. प्रथम तेथे बधिर मुली आल्या, नंतर अंध मुली. एकाच आवारात दोन विभाग, आणि दोन्ही एकाच संघाच्या भगिनींकडे. आमच्या मते पुढील सर्व यशाचे मूळ या साध्या व्यवस्थेत आहे. बधिर मुलींची खुणांची भाषा आणि अंध मुलींची ब्रेल लिपी या दोन विद्या एरवी दोन गावांत राहिल्या असत्या. येथे त्या एकाच भोजनगृहात जेवत होत्या.

१८७५ साली आठ वर्षांची मार्थ ओब्रेश्त ही मुलगी तेथे आली. लहानपणीच तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेली होती. सिस्टर सेंट मेद्यूल यांनी तिला हाती घेतले. पुढे गाजलेली पद्धत मुळात त्यांची. मुलीला हवी असलेली वस्तू तिच्या हाती द्यावयाची, तिच्याच हातांनी त्या वस्तूची खूण करवून घ्यावयाची, आणि खूण आली की वस्तू द्यावयाची. ऐकावयास सोपे, परंतु दिवसाकाठी शंभरदा, महिनोन् महिने, उत्तराची आशा नसताना हे करीत राहणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल. सिस्टर सेंट मेद्यूल यांचे नाव आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. कीर्ती मिळाली ती त्यांच्या तालमीत तयार झालेल्या सिस्टर सेंट मार्गरिट यांना, आणि त्यांची शिष्या मारी अर्तँ हिला.

मारीचा जन्म १३ एप्रिल १८८५ रोजी नाँत शहराजवळील व्हर्तू या गावी झाला. बाप पिंपे बनविणारा कारागीर. मुलगी जन्मतःच अंध आणि बधिर. हेलन केलर यांना एकोणीस महिन्यांपर्यंत दिसत आणि ऐकू येत होते. मारीला तेवढीही शिदोरी नव्हती. इतर संस्थांनी तिला मतिमंद ठरवून नाकारले आणि वेड्यांच्या इस्पितळाचा मार्ग दाखविला. १ मार्च १८९५ रोजी बापाने तिला लार्नेला आणले तेव्हा ती दहा वर्षांची होत आली होती. आरंभीचे दोन महिने ती रात्रंदिवस आरडाओरड करी, भुईवर लोळण घेई. बाहेर फिरावयास नेले तर रस्त्यातच आडवी पडे आणि भगिनींना तिला उचलून परत आणावे लागे.

घरून येताना तिने एक लहानसा खिशातला चाकू आणला होता, आणि तो तिचा जीव की प्राण होता. सिस्टर सेंट मार्गरिट यांनी तो काढून घेतला. मुलगी संतापली. सिस्टरांनी तिच्या एका हाताची कड दुसऱ्या हातावर, कापल्यासारखी, फिरविली आणि चाकू परत दिला. पुन्हा काढून घेतला, पुन्हा तसेच केले. असे कित्येक वेळा झाल्यावर एके दिवशी चाकू हाती नसताना मारीने आपण होऊन ती खूण केली. वस्तू समोर नसली तरी तिला नाव असते आणि त्या नावाने ती मागता येते, हे त्या क्षणी तिला उमगले. चाकूनंतर अंडे, अंड्यानंतर काटा, भाकर, आणि मग एकेक करून सारे घर. खुणांवरून बोटांची वर्णमाला, वर्णमालेवरून ब्रेल. काही वर्षांनी ती विणकाम करू लागली, यंत्रावर पत्रे लिहू लागली, आणि पुढे आपल्यासारख्याच मुलींना शिकवू लागली. तिची धाकटी बहीण मार्थ हीही अंध आणि बधिर जन्मली व लार्नेलाच आली; तेव्हा तिला हाताला धरून शिकविणाऱ्यांत मारी होती.

जी वस्तू हाताला लागत नाही ती कशी शिकवावी, हा खरा कठीण भाग होता. म्हातारपण म्हणजे काय हे सांगण्यासाठी सिस्टरांनी तिला एका वृद्ध भगिनीच्या सुरकुत्यांवरून हात फिरवू दिला; मारीने ताबडतोब कळविले की आपणास असे व्हावयाचे नाही. मृत्यूची ओळख एका मृत भगिनीच्या थंड देहाला स्पर्श करून झाली. परमेश्वराविषयी सांगावयाचे ठरले तेव्हा वाट सूर्यावरून काढण्यात आली, कारण मारीला ऊन अतिशय आवडे. सूर्याच्या जवळ जाण्यासाठी ती झाडावर चढू पाही. सूर्य कोणी केला असे विचारता तिने उत्तर दिले: भटारी पाववाल्याने. भट्टीची ऊब तिला ठाऊक होती आणि सूर्याची ऊबही तशीच लागत होती! हे उत्तर वाचून आम्हांस हसू आले, आणि लगोलग वाटले की सृष्टीकर्त्याच्या शोधात निघालेल्या माणसाने पहिले पाऊल याहून बरोबर दिशेने टाकलेले नसेल. सिस्टरांनीही ते उत्तर धुडकावले नाही. पाववाल्याहून मोठा, बलवान आणि ज्ञानी असा कोणी आहे, असे त्यांनी तिला हळूहळू समजावले.

पुढे मारीचे प्रथम ख्रिस्तप्रसादग्रहण झाले. या ठिकाणी एक ऐतिहासिक प्रसंग नमूद केला पाहिजे. ऑगस्ट १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी आज्ञा काढून प्रथम कम्युनियनचे वय सुमारे सात वर्षांवर आणले. मुलाला साधी भाकर आणि पवित्र भाकर यांतील भेद कळला की पुरे, असा तिचा आशय होता. सिस्टर सेंट मार्गरिट त्याच वर्षी, त्या आज्ञेच्या काही महिने आधी, देवाघरी गेल्या होत्या. परंतु हा भेद कळला हे ठरवावयाचे कोणी, आणि कसे? बोलून दाखविता आले तरच कळले असे धरावयाचे काय?

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका मातेने आपल्या मुलाविषयी हाच प्रश्न विचारला होता. मुलाला दिसत नव्हते, ऐकू फारच अंधुक येई, चालताही येत नसे. 'त्याला आधी समजू तर द्या, मग बघू' असे सौम्य उत्तर तिला मिळाले. उत्तर देणारी व्यक्ती भली होती. त्या बाईने पुन्हा विचारले नाही, आणि ज्यांनी ते ऐकले त्या आम्हीही काही बोललो नाही. १९९५ साली अमेरिकेतील बिशपांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात हा भेद शब्दांनीच व्यक्त व्हावा असे नाही, हावभावाने किंवा आदरपूर्ण शांततेनेही होऊ शकतो, असे म्हटले आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तर २००७ मधील आपल्या प्रबोधनपत्रात मानसिक अपंगत्व असलेल्यांना शक्य तेथे ख्रिस्तप्रसाद द्यावा, ते आपल्या कुटुंबाच्या किंवा समूहाच्या श्रद्धेतही तो स्वीकारतात, असे स्पष्ट केले. त्या मातेच्या प्रश्नाला ही उत्तरे आता लागू पडतात. तिला ती कोणी कळविली की नाही, याची चौकशी आम्ही केलेली नाही.

मारीची कथा जगाला कळली ती प्वातियेचे प्राध्यापक लुई आर्नू यांच्यामुळे. १९०० साली त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ 'बंदिवासातील आत्मा'. फ्रान्समध्ये तेव्हा शासन आणि ख्रिस्तसभा यांच्यातील कलह तीव्र झाला होता. १९०४ मध्ये तर धर्मसंघांना शिकविण्यास कायद्यानेच बंदी झाली. अशा काळात आत्म्याच्या अस्तित्वाचा जिवंत पुरावा म्हणून ही मुलगी पुढे केली जाणे स्वाभाविक होते. तथापि त्या नावाबाबत आमच्या मनात किंतु आहे. तुरुंगातून सुटका एकदाच होते, क्षणात होते, आणि सुटलेल्याला पुढे कोणाची गरज राहत नाही. शिक्षण तसे नसते. शिवाय जे मूल अंध आहे, बधिर आहे आणि ज्याच्या मेंदूलाही इजा झाली आहे, ज्याला कदाचित आयुष्यात दहाच खुणा येतील, त्याची गोष्ट या नावात बसत नाही. चमत्काराच्या कथांनी अशा मुलांचे भले केले तसे नुकसानही केले, असे आम्हांस वाटते.

ही मुले मोठ्या संख्येने जगापुढे आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिले होते की, गर्भवती मातेला रुबेला हा वरवर साधा दिसणारा ताप आला तर बालक मोतीबिंदूसह जन्मू शकते. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बालके या आजाराचे परिणाम घेऊन जन्मली. कित्येकांचे डोळे, कान, हृदय आणि मेंदू यांपैकी एकाहून अधिक बाधित होते. एका शिक्षिकेने एका मुलीला हाती धरावे, ही लार्नेची रीत तेथे अपुरी पडू लागली. त्याच सुमारास हॉलंडमधील सिंट मिखिल्सखेस्टल येथे, म्हणजे एका कॅथलिक बधिरशाळेतच, यान व्हान डाइक या शिक्षकांनी नवा विचार मांडला. खूण शिकविण्याआधी मुलाच्या हालचालीत सामील व्हा, असे ते म्हणत. मूल डुलते आहे तर त्याच्याबरोबर डुला, थांबा, ते पुन्हा डुलते का, हे पाहा. तो त्याचा पहिला शब्द. मग चमचा म्हणजे जेवण, पंचा म्हणजे आंघोळ, अशा वस्तू एका ओळीतल्या खणांत मांडून त्यांनी मुलांच्या हाताला दिवसाचे वेळापत्रक दिले. एक काम झाले की त्याची वस्तू 'संपले'च्या पेटीत जाई. उद्या काय होणार हे कळू लागले की मुलाची भीती ओसरते.

डेन्मार्कच्या लिली निल्सन यांचे कार्य याहून लहान मुलांसाठी होते. सात भावंडांपैकी चौघे अंध, अशा घरात त्या वाढल्या. तान्ह्या अंध बालकाला निजविता येईल अशी एक छोटी खोलीवजा पेटी त्यांनी तयार केली. तिच्या छपराला आणि भिंतींना चमचे, मणी, किल्ल्या अशा वस्तू टांगलेल्या. हात हलला की काहीतरी लागते, वाजते. वस्तू उद्याही त्याच जागी असते. कोणी हात धरून करवून घेत नाही. हलविणारे मूलच असते. मारीला लार्नेला येईपर्यंत दहा वर्षे लागली होती. आता पहिल्या वर्षातच आरंभ करावा, यावर या विषयातील जाणकारांचे एकमत आहे.

मुंबईत बेरोझ वाच्छा यांनी १९७७ साली बधिर आणि बधिरांध मुलांसाठी हेलन केलर यांच्या नावाने संस्था सुरू केली. बधिरांध मुलांसाठी ती भारतातील पहिली. बिशप म्यूरिन यांच्या शाळेपासून मोजले तर मधे नव्वदहून अधिक वर्षे गेली होती. कायद्याला आणखी वेळ लागला. १९९५ च्या अपंगविषयक अधिनियमातील सात प्रकारांत बहुविकलांगता नव्हती; १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात ती आली; आणि २०१६ च्या अधिनियमाच्या परिशिष्टात बहुविकलांगतेसोबत बधिरांधता हा शब्द प्रथमच लिहिला गेला. २०१७ पासून आपल्या देशात गोवर-रुबेला लस मुलांना देण्यात येत आहे, म्हणजे या कारणाने अशी बालके यापुढे कमी जन्मतील.

सिस्टर सेंट मार्गरिट यांच्यानंतर मारी अकरा वर्षे जगली. २२ जुलै १९२१ रोजी छत्तिसाव्या वर्षी तिला मरण आले. २०१४ साली तिच्यावर फ्रेंच चित्रपट निघाला, तेव्हा मारीचे काम एका बधिर मुलीने केले. खुणा तिला शिकवाव्या लागल्या नाहीत. न दिसण्याचा अभिनय तेवढा करावा लागला.